पिस्टन रॉडवरील ऑईल स्क्रॅपर रिंग कशी बसवावी : नव्या फिटरसाठी मार्गदर्शन

क्रॉसहेड (कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन रॉड यांना जोडणारा, सरळ रेषेत सरकणारा भाग) असलेल्या रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसरमध्ये एका बाजूला तेल खेळते ठेवणारे क्रँककेस असते आणि दुसऱ्या बाजूला हवा किंवा वायू दाबणारा सिलिंडर असतो. या दोहोंच्या मधून पिस्टन रॉड सतत पुढेमागे होत राहतो, क्रॉसहेडजवळ उडणारे तेल त्याच्या अंगाला चिकटते आणि प्रत्येक फेरीला तो ते तेल सिलिंडरच्या दिशेने ओढून नेतो. क्रॉसहेड गाइड संपून डिस्टन्स पीस (क्रॉसहेड आणि सिलिंडर यांच्यामधला पोकळ भाग) सुरू होते त्या भिंतीत, हे तेल रॉडवरून निपटून परत क्रँककेसमध्ये सोडण्यासाठी ज्या रिंगा बसवलेल्या असतात, त्यांना ऑईल स्क्रॅपर रिंगा म्हणतात. कारखान्यात त्यांनाच वायपर रिंग किंवा नुसते वायपर म्हटले जाते.

या रिंगांचे महत्त्व एका साध्या हिशेबाने लक्षात येते. रॉडचा व्यास ५० मि.मी., स्ट्रोक (रॉडची एका दिशेची चाल) २०० मि.मी. आणि वेग मिनिटाला ६०० फेरे असा मध्यम आकाराचा कॉम्प्रेसर घेऊ. रॉडचा घेर सुमारे १५७ मि.मी. भरतो, म्हणजे एका स्ट्रोकमध्ये सुमारे ३१,४०० चौरस मि.मी. पृष्ठभाग रिंगेखालून सरकतो. त्यावर एक मायक्रॉन, म्हणजे मि.मी.चा हजारावा भाग, एवढ्या जाडीचा तेलाचा थर राहिला, तरी मिनिटाला जवळपास १९ मिलिलिटर आणि दिवसाला सुमारे २७ लिटर तेल रिंगेपलीकडे जाते. यातले बहुतेक तेल परतीच्या स्ट्रोकमध्ये रॉडबरोबर मागे येते, हे खरे. पण त्यातला शंभरावा भाग जरी पलीकडे राहिला, तरी रोज पाव लिटरहून अधिक तेल डिस्टन्स पीसमध्ये साठते. डोळ्यांना न दिसणाऱ्या जाडीवर हा सगळा हिशेब अवलंबून असल्यामुळे, 'रिंग बसली, नट आवळले, काम झाले' ही घाई येथे चालत नाही.

तेल पुढे गेल्याने काय बिघडते, हे यंत्र कोठे चालते त्यावर ठरते. पेट बाटल्या फुगवण्यासाठी साधारण ४० बारपर्यंतची तेलमुक्त हवा लागते. दूध, अन्न आणि औषधे यांच्या कारखान्यांत हवेचा उत्पादनाशी थेट संबंध येतो. आयएसओ ८५७३-१ या मानकाच्या पहिल्या वर्गात एका घनमीटर हवेत सगळे मिळून ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त तेल चालत नाही. ऑक्सिजन दाबणाऱ्या यंत्रात तर प्रश्न शुद्धतेपुरता राहत नाही, कारण उच्च दाबाच्या ऑक्सिजनशी तेलाचा संपर्क आला की पेट घेण्याचा धोका असतो. म्हणून तेथे स्क्रॅपर रिंग हा माणसांच्या सुरक्षिततेचा भाग आहे असे समजूनच हात घालावा.

पुढे जाण्यापूर्वी नावांचा एक घोळ दूर करणे आवश्यक आहे. क्रॉसहेड नसलेल्या साध्या कॉम्प्रेसरमध्ये, म्हणजे गॅरेजमधल्या हवेच्या यंत्रापासून शीतगृहातल्या कित्येक अमोनिया यंत्रांपर्यंत, पिस्टनवरच सर्वांत खालच्या खाचेत तेल निपटणारी रिंग असते आणि तिलाही ऑईल स्क्रॅपर किंवा ऑईल रिंग म्हणतात. ती बसवताना 'टॉप' किंवा टिंबाची खूण असलेली बाजू सिलिंडर हेडकडे ठेवावी. रिंग एकटीच सिलिंडरमध्ये सरळ ढकलून तिच्या तोंडातली फट फिलर गेजने मोजावी; कास्ट आयर्नच्या रिंगेसाठी १०० मि.मी. बोअरला ०.३ ते ०.४ मि.मी. हा ढोबळ अंदाज आहे, अंतिम आकडा मात्र उत्पादकाच्या पुस्तिकेतलाच धरावा. आतून गुंडाळीची स्प्रिंग असेल तर स्प्रिंगेचा जोड रिंगेच्या तोंडाच्या बरोबर विरुद्ध बाजूला ठेवावा आणि खाचेतली तेल परतीची छिद्रे काजळी काढून मोकळी करावीत. टर्बाइन, ब्लोअर यांसारख्या फिरत्या यंत्रांत बेअरिंग हाउसिंगच्या टोकाला तेल अडवणारी जी दोन अर्ध्या भागांची रिंग असते, ती बहुधा शाफ्टला घासत नाही, ती आणि शाफ्ट यांच्यामध्ये ठरावीक फट असते. तेथेही ड्रेनचे छिद्र असलेला अर्धा भाग खालीच यावा लागतो. या दोन्हींपेक्षा वेगळी अशी, पिस्टन रॉडवरची स्क्रॅपर रिंग हाच पुढील सर्व लेखाचा विषय आहे.

रिंगेची ओळख

या रिंगा बहुधा तीन तुकड्यांच्या असतात आणि बाहेरून गार्टर स्प्रिंगेने (टोके जोडून कडे केलेल्या गुंडाळीच्या स्प्रिंगेने) एकत्र धरलेल्या असतात. एका हाउसिंगमध्ये अशा दोन किंवा तीन रिंगा एकामागे एक बसतात. त्या ब्राँझच्या, कास्ट आयर्नच्या किंवा टेफ्लॉनसारख्या पदार्थाच्या असतात. प्रत्येक रिंगेच्या आतल्या कडेला निपटणारी तीक्ष्ण धार असते आणि निपटलेले तेल बाहेर वाहून जाण्यासाठी खाचा किंवा छिद्रे असतात. तुकड्यांच्या मध्ये मुद्दाम फट ठेवलेली असते, कारण रिंग झिजत जाते तसे तिचे तुकडे स्प्रिंगेच्या दाबाने आत सरकतात आणि फट हळूहळू कमी होते. ही फट पूर्ण मिटली की तुकडे एकमेकांना टेकतात, रॉडकडे आणखी सरकू शकत नाहीत आणि रिंग जागेवर असूनही तिचे काम संपते. ही फट म्हणजे सदोष काम असे समजून ती 'बुजवण्याचा' प्रयत्न करणारे नवे कामगार मी पाहिले आहेत. तसे कधीही करू नये.

यंत्र सुरक्षित करणे

वर्क परमिट घ्यावे, मोटरचा पुरवठा तोडून कुलूप आणि टॅग लावावा, सक्शन आणि डिस्चार्ज दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून सिलिंडरमधला दाब पूर्ण उतरवावा. ज्वलनशील किंवा विषारी वायू असेल तर नायट्रोजनने पर्ज करून (आतला वायू बाहेर घालवून) डिस्टन्स पीसमधील हवा तपासल्याशिवाय त्याचे झाकण उघडू नये. वीज तोडली म्हणून फ्लायव्हील हलणार नाही असे नाही; सिलिंडरमध्ये अडकलेला थोडासा दाबही पिस्टन ढकलू शकतो, म्हणून फ्लायव्हील यांत्रिक रीतीने अडकवावे. क्रँककेसचा दरवाजा यंत्र गरम असताना उघडू नये, कारण आतल्या गरम तेलाच्या वाफेला बाहेरची ताजी हवा मिळणे धोक्याचे असते.

जुन्या रिंगा उतरवताना

हाउसिंगचे बोल्ट काढण्यापूर्वी हाउसिंग आणि भिंत या दोहोंवर वरच्या बाजूला एकच खूण करावी. हे अर्ध्या मिनिटाचे काम पुढचे अनेक तास वाचवते. मग हाउसिंग रॉडवरून डिस्टन्स पीसमध्ये सरकवून रिंगा एकेक करून बाहेर काढाव्यात आणि ज्या क्रमाने व ज्या बाजूने त्या निघाल्या, त्याच क्रमाने स्वच्छ कापडावर मांडून फोटो घ्यावा. मात्र जुनी रिंग ज्या बाजूने होती तीच बरोबर, असे गृहीत धरू नये. आधीच्या माणसानेही चूक केलेली असू शकते. निर्णय नेहमी ड्रॉइंग पाहून करावा.

जुन्या रिंगा पुष्कळ काही सांगतात. तिन्ही तुकड्यांची धार सारखी झिजली असेल आणि फट मिटलेली असेल तर तिचे आयुष्य सरळपणे संपले आहे. एकाच बाजूची झीज जास्त असेल तर रॉड मध्यरेषेत चालत नाही, आणि नवी रिंग टाकून तो दोष जाणार नाही. क्रॉसहेडची फट आणि पिस्टनच्या रायडर रिंगेची (पिस्टनचा भार पेलणाऱ्या रिंगेची) झीज तपासावी लागेल. धारेवर उभे ओरखडे असतील तर तेलात कण आहेत किंवा रॉडवर खरवड आहे. रिंग जवळजवळ नवी दिसत असूनही तेल गळत असेल, तर कारण रिंगेबाहेर शोधावे.

रॉडची तपासणी

माझ्या अनुभवात नवी रिंग लगेच गळू लागण्याचे कारण रिंगेत क्वचित सापडते; ते रॉडवर किंवा ड्रेनमध्ये सापडते. रॉड पुसून कोरडा करावा आणि रिंगेखालून जाणाऱ्या संपूर्ण लांबीवर, निदान चार-पाच ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी मायक्रोमीटरने व्यास मोजून कागदावर लिहावा. दोन दिशांतला फरक म्हणजे रॉडचा अंडाकारपणा आणि लांबीवरचा फरक म्हणजे उतार. स्ट्रोकच्या मधल्या भागात रॉड झिजून बारीक झालेला असतो आणि टोकांना मूळ मापाचा राहतो, असे वारंवार आढळते. अशा रॉडवर रिंग क्षणाक्षणाला उघडमीट करत राहते आणि धातूची रिंग तेवढ्या चपळाईने रॉडचा पाठलाग करू शकत नाही. मापे पुस्तिकेतील मर्यादेबाहेर असतील तर रॉड बदलणे किंवा दुरुस्त करणे हाच उपाय आहे. घासून मापाने लहान केलेल्या रॉडसाठी त्याच मापाच्या रिंगा मागवाव्या लागतात. मूळ मापाची रिंग लहान रॉडवर तीन तुकड्यांच्या मध्यावरच टेकते आणि उरलेल्या घेरावर तेलाला वाट मोकळी राहते.

त्यानंतर बोटाच्या नखाने रॉडचा पृष्ठभाग चाचपावा. आडवा, म्हणजे घेराच्या दिशेचा ओरखडा त्या मानाने सौम्य असतो. रॉडच्या लांबीच्या दिशेने गेलेला ओरखडा मात्र तेलासाठी पाटच असतो आणि कितीही चांगली रिंग त्याच्या तळातले तेल काढू शकत नाही. उचललेली बारीक कड असेल तर ती अगदी बारीक ऑईलस्टोनने, घेराच्या दिशेने हात फिरवून बसवावी. एमरी पेपर लांबीच्या दिशेने घासणे ही चूक आहे, त्यामुळे शेकडो नवे पाट तयार होतात. अशा रॉडचा पृष्ठभाग साधारण ०.२ ते ०.४ मायक्रॉन आरए (खडबडीतपणाचे सरासरी माप) एवढा गुळगुळीत असतो आणि हाताने घासून तो दर्जा परत मिळत नाही. शेवटी डायल गेज लावून, फ्लायव्हील हाताने फिरवत, रॉडचा उभा आणि आडवा रनआउट, म्हणजे सरळ रेषेपासून ढळणे, मोजावा व पुस्तिकेशी ताडून पाहावा.

हाउसिंग आणि तेलाची परतीची वाट

रिंग रॉडवरचे तेल सोलून काढते, पण ते तेल क्रँककेसमध्ये परत जाण्याची वाट मोकळी नसेल तर ते हाउसिंगमध्येच साठते, रिंगांभोवती भरून राहते आणि शेवटी रॉडबरोबर पुढेच निघते. म्हणून हाउसिंगमधील प्रत्येक ड्रेनचे छिद्र तारेने आणि मग हवेने साफ करावे. त्यात जुन्या तेलाचा चिकट गाळ, कॉटन वेस्टचे धागे किंवा पूर्वी लावलेल्या सीलंटचे गोळे सापडतात. भिंतीतल्या परतीच्या मार्गात स्वच्छ तेल, साधारण कपभर, ओतून ते विनाअडथळा क्रँककेसमध्ये उतरते का, हे पाहावे.

गॅस्केटबद्दल येथे विशेष सांगितले पाहिजे. एका कारखान्यात आम्ही तीन आठवड्यांत दोनदा रिंगा बदलल्या, रॉड तपासला, स्प्रिंगा बदलल्या, तरी गळती तशीच राहिली. तिसऱ्यांदा उघडल्यावर कळले की हाउसिंगखालचे गॅस्केट जागेवर हाताने कापून तयार केले होते आणि त्यात बोल्टची सर्व छिद्रे होती, पण सर्वांत खालचे, तेल परतीचे छिद्र पाडलेलेच नव्हते. ते गॅस्केट मीच कापले होते. तेव्हापासून गॅस्केट बसवण्याआधी ते हाउसिंगवर ठेवून उजेडात धरावे आणि प्रत्येक छिद्रातून उजेड दिसतो का ते पाहावे, हे मी प्रत्येक शिकाऊ मुलाला स्वतः करून दाखवतो. सीलंट लावायचेच असेल तर अगदी पातळ, आणि ड्रेनच्या छिद्रापासून दूर लावावे.

रिंगांच्या खाचेची खोली डेप्थ मायक्रोमीटरने आणि रिंगेची जाडी साध्या मायक्रोमीटरने मोजून बाजूची फट काढावी. फट फारच कमी असेल तर गरम झाल्यावर रिंग अडकते, आणि जास्त असेल तर ती प्रत्येक स्ट्रोकला पुढेमागे आपटते व तिच्या मागून तेल निसटते. येथे पदार्थ पाहणे महत्त्वाचे आहे, कारण टेफ्लॉन उष्णतेने पोलादाच्या सुमारे दहापट प्रसरण पावते; ब्राँझच्या रिंगेचा आकडा टेफ्लॉनच्या रिंगेला लावला तर ती चालू यंत्रात घट्ट होऊन बसेल. खाचेच्या भिंतींवर पायरी पडली असेल तर हाउसिंगच दुरुस्तीला पाठवावे.

नव्या रिंगेची चाचणी आणि बसवणी

प्रत्येक रिंगेच्या तुकड्यांवर जुळणीच्या खुणा किंवा अक्षरे असतात. एका रिंगेचे तुकडे दुसऱ्या रिंगेत मिसळू नयेत, म्हणून एका वेळी एकच पाकीट उघडावे. सवयीने प्रत्येक नव्या भागाची धार मारणाऱ्या फिटरने येथे हात आवरावा. निपटणारी धार कानशीने किंवा एमरीने किंचित जरी गोल केली, तरी ती रॉडवरचे तेल सोलण्याऐवजी त्यावरून घसरत जाते. वाहतुकीत धारेला ठोकर लागली असेल तर तो संच परत करावा.

आता रिंग हाउसिंगबाहेर, उघड्या रॉडवरच जुळवून स्प्रिंग लावावी. मागून टॉर्च धरून रॉड आणि धार यांच्यामधून उजेड दिसतो का ते पाहावे आणि तुकड्यांमधल्या तिन्ही फटी जवळपास सारख्या आहेत याची खात्री करावी. धातूच्या रिंगेसाठी रॉडवर प्रशियन ब्लूचा अगदी पातळ थर देऊन रिंग थोडी फिरवावी. निळा डाग धारेवर सर्वत्र सलग उमटला पाहिजे. चाचणी झाली की ब्लूचा शेवटचा अंशही पुसून काढावा. पुसण्यासाठी धागे न सुटणारे कापड वापरावे.

बसवताना दिशा हा सर्वांत मोठा मुद्दा आहे. तीक्ष्ण, चौकोनी धार तेलाच्या बाजूला, म्हणजे क्रॉसहेडकडे तोंड करून असावी लागते. त्यामुळे रॉड सिलिंडरकडे जाताना तेल सोलले जाते, आणि परत येताना उरलेला पातळ थर रिंगेखालून मागे सरकू शकतो. रिंग उलटी बसली तर ती हेच काम उलट दिशेने करते, म्हणजे तेल डिस्टन्स पीसच्या बाजूला काढून टाकते. काही संचांत सर्वांत बाहेरची रिंग तेल निपटण्यासाठी नसते, ती क्रँककेसमधली वाफ अडवण्यासाठी असते आणि तिचा आकार व दिशा वेगळी असते. म्हणून सर्व रिंगा एकसारख्या धरून चालू नये, प्रत्येक रिंग ड्रॉइंगवर बोट ठेवून ओळखावी.

गार्टर स्प्रिंगेचा आकडा किंवा जोड दोन तुकड्यांच्या फटीवर येऊ देऊ नये, तो एखाद्या तुकड्याच्या मध्यावर असावा. सैल वाटते म्हणून स्प्रिंग कापून छोटी करणे किंवा दुसऱ्या यंत्राची स्प्रिंग लावणे यातून नुकसानच होते, कारण रिंगेला स्वतःच्या वंगणापुरता तेलाचा पातळ थर लागतो आणि अतिघट्ट स्प्रिंग तोही काढून टाकते. मग रॉड तापतो आणि धार लवकर झिजते. शेजारच्या रिंगांच्या फटी एका रेषेत येऊ नयेत यासाठी डॉवेल पिन असते. पिन आपल्या छिद्रात पूर्ण उतरली आहे का हे बोटाने तपासावे; ती किंचित वर राहिली तर पुढची रिंग तिरपी बसते आणि बोल्ट आवळले की तुकडा मोडतो किंवा जाम होतो.

रॉड बाहेर काढलेला असेल आणि तो अखंड हाउसिंगमधून आत घालायचा असेल, तर रॉडच्या आट्यांवर उतरते तोंड असलेली शंकूसारखी टोपी चढवल्याशिवाय तो रिंगांमधून नेऊ नये. उघडे आटे नव्या धारेवरून एकदा जरी गेले, तरी ती रिंग वाया जाते. सर्व भागांना क्रँककेसमधलेच स्वच्छ तेल लावावे, ग्रीस लावू नये. हाउसिंग मूळ खुणेप्रमाणे, ड्रेनचे छिद्र बरोबर तळाशी ठेवून बसवावे आणि बोल्ट समोरासमोर, दोन-तीन टप्प्यांत, पुस्तिकेतील टॉर्कपर्यंत आवळावेत.

स्लिंगर, ब्रीदर आणि पहिली फेरी

रॉडवर डिस्टन्स पीसमध्ये तेल झटकणारी चकती, म्हणजे स्लिंगर, असेल तर ती घट्ट बसवून यंत्र हाताने दोन्ही डेड सेंटरपर्यंत (स्ट्रोकच्या दोन्ही टोकांपर्यंत) न्यावे आणि चकती स्क्रॅपर हाउसिंगला किंवा सिलिंडरकडच्या ग्लँडला (रॉडभोवती वायू अडवणाऱ्या पॅकिंगला) कोठेही टेकत नाही याची खात्री करावी. तेलमुक्त यंत्रांत डिस्टन्स पीस स्ट्रोकपेक्षा लांब ठेवलेले असते, म्हणजे रॉडचा तेल लागलेला भाग वायूच्या ग्लँडपर्यंत कधी पोचतच नाही. स्लिंगर चुकीच्या जागी लावला तर या रचनेचा अर्धा फायदा हातचा जातो. क्रँककेसचा ब्रीदर, म्हणजे आतला दाब बाहेर सोडणारी वाट, उघडून साफ करावा. ब्रीदर तुंबला की क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि तो तेलाला रिंगांमधून बाहेर ढकलतो. तेलाची पातळीही खुणेपेक्षा वर नसावी.

कुलपे काढण्यापूर्वी फ्लायव्हील हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे. नंतर तेलाचा पंप आधी चालू करून, यंत्र भाराविना सुरू करावे. डिस्टन्स पीसच्या काचेतून टॉर्चने पाहिल्यावर रॉड ओलसर, चकचकीत दिसावा. त्यावर थेंब दिसणे वाईट, आणि तो अगदी कोरडा, निस्तेज दिसणे हेही वाईटच. चालत्या रॉडचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्यावे, हाताने कधीही नाही. धातूच्या रिंगा पहिले काही तास थोड्या गळतात आणि धार रॉडशी जुळली की गळती कमी होत जाते.

डिस्टन्स पीसच्या ड्रेनखाली मापाच्या खुणा असलेली बाटली लावून प्रत्येक शिफ्टला किती मिलिलिटर तेल आले, हे लॉगबुकात लिहावे. हे तेल वायूच्या संपर्कात आलेले असू शकते, म्हणून ते परत क्रँककेसमध्ये ओतू नये. आकडा दोन-तीन दिवसांत खाली येऊन स्थिर झाला तर काम बरोबर झाले आहे. तो खाली येत नसेल किंवा वाढत असेल, तर हाउसिंग पुन्हा उघडण्याआधी ब्रीदर, तेलाची पातळी आणि सिलिंडरकडच्या ग्लँडमधून डिस्टन्स पीसमध्ये येणारा वायू या तीन गोष्टी याच क्रमाने तपासाव्यात, आणि तोपर्यंत जुन्या रिंगांचा संच चिठ्ठी लावून कपाटात ठेवावा, फेकू नये.